तरंगती काच

१० नोव्हेंबर, रविवार

पाटीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज. कर्रर्र, मग जरा थांबून पुन्हा कर्रर्र.

आज पहाटे जाग आली ती हा आवाज कानात घेऊन. म्हसवडच्या शाळेतला माझा पहिला दिवस. माझी मूठ इतकी कापत होती की ‘अ’ काढायला गेलो तर पाटीवर नुसती गांडुळं उमटली. गुरुजी मागून आले आणि त्यांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. बस्स, एवढंच. आणि तोच ‘अ’ असा डौलात उतरला की हा कुणी काढला म्हणून मी मान वळवून बघितलं. पलीकडच्या वर्गात तिसरीची पोरं कविता म्हणत होती. तेव्हापासून कविता आणि तो कर्रर्र आवाज माझ्या डोक्यात एकाच खोलीत राहतात.

आता एकाहत्तराव्या वर्षी हात पुन्हा पहिलीत जाऊन बसलाय. कप उचलला की बशी वाजते. सही करताना ‘कुंडलिक’मधला ‘क’ दोनदा निघतो.

आणि नेमका आत्ताच विकीनं कॅमेरा दिला. दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्याला एकच लांबलचक झूम लेन्स. म्हणाला, “पप्पा, प्रवासाला हीच बरी. जवळचं, लांबचं सगळं एकीतच. बदलत बसायला नको.” शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो तेव्हा गॅदरिंगचे फोटो मीच काढायचो, रोलच्या कॅमेऱ्यावर. ते त्याच्या लक्षात राहिलंय म्हणायचं.

फेब्रुवारीत आमच्या विहारातर्फे चारिका निघणार आहे. सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. शकुला तिकडे नेईन असं मी तिला कितीदा म्हटलं असेल! ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, इथंच एमआयडीसीत. बावीस वर्षं. सुट्टी मागितली की सुपरवायझर म्हणायचा, बुद्ध कुठं पळून चाललाय का? आता बोधिवृक्षाखाली तिचा एक फोटो काढायचा. या जन्मात माझ्याकडून एवढंच व्हायचं शिल्लक आहे.

हात साथ देईल असं वाटत नाही. म्हणून ही वही पुन्हा काढली. मनातली भीती कुठेतरी टाकायला हवी ना.

१३ नोव्हेंबर

रात्री विकीचा फोन. म्हटलं, बाबा रे, तुझा कॅमेरा भारी आहे, पण माझा हात हलतो. तो हसला.

“पप्पा, म्हणून तर ही लेन्स घेतली. हिच्यात स्टॅबिलायझर आहे.”

“आपल्या फ्रीजला आहे तसला?”

“अहो तसला नाही! लेन्सच्या आत एक काच तरंगती असते. तुमचा हात उजवीकडे हलला की ती काच तेवढीच उलटी सरकते. चित्र जागच्या जागी. तुम्ही फक्त बटण अर्धं दाबून धरा, ऐका, बारीक आवाज येईल.”

दाबलं. खरंच. कान लावला तर आत कुणीतरी दबक्या आवाजात गुणगुणतंय. आणि डोळा लावला तर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी, जी आत्ता नाचत होती, ती हळूच पाण्यावर नाव थांबावी तशी थांबली.

मी शकुला म्हटलं, “हे बघ गं, माझे गुरुजी या लेन्सच्या आत बसलेत.”

ती भांडी पुसत होती. बघितलं, पण चेहऱ्यावर काही नाही. पूर्वी असं काही बोललो की ती म्हणायची, “झालं तुमचं कवितेचं सुरू.” आणि हसायची. तिचं हसू डाव्या गालाकडून निघायचं.

कॅमेरा आल्यापासून ती हसलेली नाही. कदाचित आधीपासूनच. मला कॅमेरा आल्यापासून लक्षात आलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सराव म्हणून शकुला घेऊन महाकाली लेण्यांत गेलो. घरापासून रिक्षा केली तर पंधरा मिनिटं, पण इथं राहून किती वर्षांत गेलो नव्हतो. वरून विमानं, खाली झोपड्या आणि मधे दोन हजार वर्षांचा काळोख.

हाच काळोख पुढे सगळीकडे लागणार. लेण्यात फ्लॅश मारू देत नाहीत, तीन पायांचा स्टँड आत नेऊ देत नाहीत. उजेड कमी म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ हात दगडासारखा हवा. त्यात झूम ओढून लांबचं जवळ आणलं की हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन येतो. रोलच्या काळात मी कोपरं बरगडीला टेकवायचो, श्वास सोडून द्यायचो आणि त्या रिकाम्या क्षणात बटण दाबायचो. आजही तसंच केलं.

स्तूपाचा फोटो झकास आला. जाळीच्या खिडकीचा आला. मग शकुला स्तूपासमोर बसवलं.

हलला.

पुन्हा काढला. हलला. पाच-सहा काढले. मागच्या छोट्या पडद्यावर बघतो तर प्रत्येकात शकु पुसट, पाण्यात पडल्यासारखी.

“जरा हस ना,” म्हटलं.

“हसतेच आहे की.”

कुठे हसत होती! चेहरा सपाट. डावा हात उजव्यावर घट्ट दाबून बसलेली, जसं काही मी तिची बांगडीच काढून घेणार होतो. मधेच डावा हात काढला तर उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, गोळी मळतात तशी. मला हसू आलं. म्हटलं, “अजून गोळ्या मोजतेस होय? कंपनी सोडून किती वर्षं झाली!” तिनं हात पदराखाली घेतला. बावीस वर्षं पट्ट्यावरून आलेल्या गोळ्या बोटांनी चाचपलेली बाई. बोटं विसरत नाहीत.

परतताना ती मागं मागं राहत होती. पाय घासत. रुसल्यावर लहान मूल चालतं तसं. मी थांबलो नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण नाही थांबलो.

२० नोव्हेंबर

तीन दिवस विचार केला. दगडाचे फोटो स्थिर येतात आणि शकुचे हलतात, याचा अर्थ एकच. दगडासमोर मला भीती नाही. शकुच्या त्या कोऱ्या चेहऱ्यासमोर माझा हात जास्त कापतो, इतका की आतल्या काचेलाही आवरत नाही.

बेचाळीस वर्षांनी बायकोची भीती वाटावी! दोन ओळी सुचल्या:

ओंजळीत घेतले पाणी, चंद्र त्यात हलला;
चंद्र वरती स्थिर होता, हात माझा चळला.

शकुला वाचून दाखवल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर

काल कॅमेरा पिशवीतून काढताना लेन्सच्या आत काहीतरी खुडखुडलं. हलवून बघितलं. खुडखुड. तरंगती काच निखळली, म्हटलं! वाट लागली. शकुला बोललो तर ती म्हणाली, “टाकून या मग.” आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. हल्ली ती मुद्दाम हळू बोलते.

आज अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेलो. देवेश म्हणून एक तरुण मालक आहे, तोंडात बडीशेप. त्यानं लेन्स कानाशी धरली, हलवली आणि हसला.

“काका, कॅमेरा बंद आहे ना? मग काच मोकळी असते आत. वाजणारच. चालू केल्यावर तिला पकड येते.”

“पण फोटो हलतायत रे.”

“कशाचे?”

“माणसांचे.”

“मग माणसं हलत असतील!” तो हसला. “नातवंडं का? बघा, तुमचा हात हलला तर लेन्स सांभाळते. समोरचंच हललं तर ती काय करणार बिचारी? पोरांना चॉकलेट द्या, बसवा एका जागी.”

“पोरं नाहीत. बायको आहे.”

“मग तिला पण चॉकलेट द्या.”

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवायची: कॅमेरा स्टँडवर किंवा टेबलावर ठेवला तर स्टॅबिलायझर बंद करायचा. कारण कंप नसला तरी ती काच उगाच कंप शोधत राहते, आणि मग तीच चित्र हलवते.

येताना कोपऱ्यावरून शकुसाठी चॉकलेट घेतलं. तिनं वेष्टन फाडायचा प्रयत्न केला, मग ठेवून दिलं फ्रीजवर. “नंतर खाईन.” एवढंसं चॉकलेट, ते सोडायलाही तिला माझ्यासमोर नको वाटलं.

६ डिसेंबर

चैत्यभूमीला एकटाच गेलो. लग्नानंतर पहिल्यांदा शकुशिवाय. “गर्दीत नको,” म्हणाली. जिनं विकीला कडेवर घेऊन तीच गर्दी पार केली होती, ती!

रांगेत पुढे एक म्हातारं जोडपं होतं, एकमेकांच्या करंगळीत करंगळी अडकवून चाललेलं. त्यांचा फोटो काढावा असं वाटलं. काढला नाही. दुसऱ्याचं सुख झूमनं ओढून जवळ आणून काय करू?

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी चंद्रप्रकाश आला, आमच्या विहाराचा सेक्रेटरी. चारिकेची नावं पक्की करायला. शकुनं चहा केला पण बाहेर आणला नाही, आतूनच हाक मारली, “घेऊन जा.” पाहुण्यासमोर हे! कप घ्यायला आत गेलो तर ओट्यावर चहा सांडलेला, दोन बशांत निम्मा. म्हटलं हे नवीन कप भलतेच उथळ निघाले.

चंद्रप्रकाश म्हणाला, “काकू, खालचा बर्थ टाकतो तुम्हाला. काका वर. चालेल ना?”

शकु दाराशी उभी होती. म्हणाली, “माझं नाव नका टाकू, भाऊ. यांचंच टाका.”

“का हो?”

“जमत नाही आता.”

“काय जमत नाही? आम्ही सगळे आहोत ना! कुंडलिककाका तर तुमच्यासाठीच फोटोग्राफर झालेत. अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरतायत, बोधगयेला शकुचा फोटो, बोधगयेला शकुचा फोटो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी शोधलं त्या चेहऱ्यावर. राग, कंटाळा, काहीही चाललं असतं. भिंतीवर काहीतरी लिहिलेलं असावं आणि कुणी चुना फासून टाकावा तसा चेहरा.

“फोटो काय, झाडाचाही काढता येतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

चंद्रप्रकाशनं उठताना खांदा दाबला माझा. “महिनाअखेरीपर्यंत सांगा, काका. मी जागा धरून ठेवतो.”

१६ डिसेंबर

विचारलं. सरळ विचारलं, “शकु, माझं काही चुकलंय का?”

“नाही.”

“मग का येत नाहीस?”

“सांगितलं ना, जमत नाही.”

बास. रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली. मधे तिला कूस बदलायची होती बहुतेक, चार-पाच हिसके दिले आणि तशीच राहिली. मी हात लावला नाही. लावला असता तर तिनं झटकला असता, असं वाटलं.

शाळेत एक सवय होती. ऑफिसात बसून भिंतीपलीकडच्या कविता ऐकायच्या. मुलं दिसायची नाहीत, फक्त आवाज. तरी कोण मागे पडलंय, कुणाला ओळ आठवत नाहीये, ते कळायचं. आता इतक्या जवळच्या माणसाचं काही ऐकू येत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहू नये असं आहे. पण लिहितो.

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. दोष हाताचा की लेन्सचा? माळ्यावरून माझी शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं काढली, कवितांसाठी जपून ठेवलेली. त्यांची चळत टेबलावर रचली, वर कॅमेरा ठेवला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघतो, ती सोय लावली. म्हणजे यात माझ्या हाताला जागाच नाही.

शकुला खिडकीशी खुर्चीत बसवलं. “दोन मिनिटं फक्त. हलू नकोस.”

पहिला फोटो हलला. मग देवेशचं आठवलं, स्टॅबिलायझर बंद करायचा राहिला होता. बंद केला.

“परत एकदा. हलू नकोस हं.”

हलला.

“शकु, जरा नीट बस ना. हलू नकोस.”

हलला. हलला. माझं डोकं फिरत चाललं. प्रत्येक वेळी म्हणत होतो हलू नकोस, हलू नकोस, आणि ती दोन्ही हात मांडीखाली दाबून, दात आवळून बसलेली.

शेवटी ती उठली. उठायलाही तीनदा झोके घ्यावे लागले. “हलू नको, हलू नको! सकाळपासून तेच! मी काय मुद्दाम करते का हो?”

“मुद्दाम नाही तर काय! पंधरा मिनिटं एका जागी बसवत नाही तुला माझ्यासाठी? आणि तो चेहरा! दगडाची बाई आणून बसवावी तसा. त्या लेण्यातल्या मूर्तीसुद्धा तुझ्यापेक्षा प्रेमानं बघतात!”

बोलून गेलो. एकदा तोंडातून गेलेलं कुठली काच उलटं सरकवून जागेवर आणत नाही.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा तोच, ढिम्म. रडतानासुद्धा तिनं मला चेहरा दिला नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी दार आपटून खाली गेलो.

३० डिसेंबर

शकु गेली. मानखुर्दला, धाकट्या बहिणीकडे, द्रौपदीकडे. द्रौपदीचा मुलगा रिक्षा घेऊन आला होता, म्हणजे आधीच ठरलं होतं. मी विचारलं, कधी येशील? ती म्हणाली, “बघू.” चपलेत पाय सरकवायला दाराशी बराच वेळ लावला. वाट बघत होती का, मी थांब म्हणावं याची? मी गॅलरीत उभा राहून विमानं बघत होतो.

चंद्रप्रकाशला फोन करून दोन्ही नावं काढायला सांगितली. तो म्हणाला, दोन दिवस अजून धरतो. म्हटलं, नको धरू.

२ जानेवारी

द्रौपदीला फोन केला. शकु झोपली आहे म्हणाली.

“जयभीम, दाजी. राहू द्या तिला इथं. घाई काय आहे?”

“माझ्यावर रागावली आहे का गं?”

तिनं ते टाळलं. मग म्हणाली, “दाजी, एक सांगा. एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून काय बघता हो तुम्ही दिवसभर?”

“दुर्बीण नाही, कॅमेरा आहे.”

“तेच ते. ठेवते आता. उद्या सकाळी सायन हॉस्पिटलला जायचंय, नंबर लावायला लवकर निघावं लागतं.”

द्रौपदीचा गुडघा पुन्हा दुखत असणार. शकु तिच्या सोबतीला गेली असेल तर बरंय, माझ्यापासून लांब तरी कुणाच्या उपयोगी पडते.

दूध नासलं. पोळीवाल्या बाईच्या दोन पोळ्या आणल्या, एक उरली. फ्रीजवर ते चॉकलेट तसंच आहे, एका कोपऱ्यात नखांनी ओरबाडलेलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर शकु दुधाचे खाडे लिहिते. आज बघितलं तर जुलैत तिचं अक्षर चांगलं ठसठशीत आहे आणि डिसेंबरात मुंग्यांएवढं. माझ्या घरात ती अशी आक्रसत गेली.

५ जानेवारी, रविवार

कॅमेरा विकून टाकायचं ठरवलं होतं. विकीला तसं सांगितलं. तो म्हणाला, “विका, पण आधी कार्डावरचे फोटो तरी बघा. टीव्हीला लावा, वायर पिशवीतच आहे. एवढ्याशा पडद्यावर काय कळतं?”

रोलच्या सवयीनं मी आजवर एकही पुसला नव्हता. दुपारी जेवण झाल्यावर वायर जोडली.

शेवटचा फोटो आधी आला. खिडकीशी शकु. एवढी मोठी शकु भिंतीवर. आणि माझं पहिलं लक्ष गेलं ते तिच्या मागच्या कॅलेंडरवर. त्यावरचे आकडे. दुधाचे खाडेसुद्धा वाचता येत होते. खिडकीच्या गजाला चिकटलेलं जाळं. खुर्चीचा वेत, एक एक धागा. शकुच्या खांद्यावरची साडीची जर. सगळं सुईसारखं.

फक्त मांडीजवळ, उजवं मनगट जिथं दाबलेलं होतं, तिथं धूर. खांद्यापासून खाली येताना साडी हळूहळू विरघळत गेलेली आणि मनगटाशी नुसता धूर.

मी जवळ जाऊन टीव्हीचा पडदा पुसला.

मग मागं मागं जात राहिलो. डिसेंबर, नोव्हेंबर. लेण्यातले फोटो. स्तूपावरचा छिन्नीचा प्रत्येक घाव स्पष्ट. तिच्या कपाळावरची टिकली स्पष्ट. डावा हात उजव्यावर, आणि त्या डाव्या हाताखालून बाहेर सांडलेला धूर. दिवाळीचा, विकीनं काढलेला पहिला फोटो: त्यात धूर अगदी थोडा, बोटांपुरता.

माझा हात एकाही फोटोत हललेला नाही.

समोरचंच हललं तर ती काय करणार बिचारी? देवेश हसत म्हणाला होता. मीही हसलो होतो.

आमच्या शाळेचे एक मुख्याध्यापक होते. शेवटच्या वर्षांत त्यांची बोटं अशीच गोळी मळत राहायची. पाय घासत चालायचे, सही मुंगीएवढी, आवाज बारीक, आणि चेहरा असा की पोरं म्हणायची सर कायम रागावलेले असतात. आम्हा ऑफिसवाल्यांना माहीत होतं की त्यांना कंपवात आहे. त्यांच्या निरोपाच्या दिवशी ते स्टेजवर बसले होते, सगळ्यांना वाटलं त्यांना काहीच वाटत नाहीये. त्यांचा फोटो मीच काढला होता.

गोळ्या. चहा. चॉकलेटचं वेष्टन. कूस. चपला. सायन.

दगडाची बाई म्हणालो मी तिला.

पुन्हा खिडकीशी बसलेल्या शकुच्या फोटोवर आलो. टीव्ही बंद करायचं सुचलं नाही. अंधार पडेपर्यंत ती समोर बसून होती आणि मी तिच्या समोर. कवितेची दुसरी ओळ खोडली. नवी लिहिता येत नाही.

६ जानेवारी, सोमवार

दुपारी लिहितोय. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे.

सकाळी मानखुर्दला जायला निघालो होतो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. माफी मागावी तर कशाची म्हणून? दिसत नव्हतं म्हणावं, तर दोन महिने तिच्याकडेच डोळा लावून बसलो होतो. शर्ट चढवला, बूट घातले, आणि बूट घालून पुन्हा खुर्चीत बसलो. ती दार उघडणार नाही असं वाटत होतं. उघडलं तरी त्या चेहऱ्यावरून मला काही कळणार नाही, आणि मी पुन्हा काहीतरी भलतंच वाचीन.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. लॅचवर धातू घासल्याचा.

कर्रर्र. मग थांबून, पुन्हा कर्रर्र.

आमच्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे. पण ही शकु नव्हे, हे नक्की. शकुची किल्ली मी आत बसून ओळखतो, एका झटक्यात जाते आणि खट्ट. हे तर कुणीतरी चाचपत होतं. वरच्या मजल्यावरचा तो मार्तंड पिऊन आला की आमच्या दाराला त्याची किल्ली लावतो, पण सकाळी दहाला? कर्रर्र. किल्ली फटीच्या आजूबाजूला फिरत होती, लागत होती, निसटत होती. खाली पडली. बराच वेळ काहीच नाही. मग उचलली असावी. पुन्हा कर्रर्र.

आणि मला पाटी दिसली. गांडुळं उमटलेली.

मी उठलो. उठलो आणि दाराशी जाऊन थांबलो, कडीला हात लावून. उघडलं तर तिला कळणार की मी ऐकलं. नाही उघडलं तर ती तिथंच उभी राहणार. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. जिना चढून आल्यासारखा, लिफ्ट असताना.

उघडलं.

शकु. एकटीच. पाठीमागे कुणी नाही, रिक्षावाला पोरगाही नाही. खांद्यावर पिशवी, पिशवीतून एक्स-रेसारखं मोठं पाकीट डोकावत होतं. हातात किल्ली, अजून कुलपाच्या उंचीवर धरलेली. चेहरा तसाच, चुना फासलेला. पण डोळे. डोळ्यांना कुणी चुना फासला नव्हता. कसे दिसले नाहीत मला?

“लॅच बदललंत की काय?” ती म्हणाली. बारीक आवाजात.

म्हणजे अजूनही ती मला सांगणार नव्हती. मला वाचवत होती.

“बदललं नाही गं,” मी म्हणालो. “बिघडलंय. मलाही लागत नाही हल्ली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या बुटांकडे. मग माझ्या मागे, टीव्हीकडे. तो रात्रभर चालूच होता. पडद्यावर ती होती, खिडकीशी, मांडीवर धूर घेऊन.

“तुम्हालाही?” तिनं विचारलं.

“मलाही.”

किल्ली तिच्या बोटांत वाजत होती. मी तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. वाजायची ती थांबली नाही. दोघांच्या हातात वाजत राहिली.